एनके सेल, तीन गर्भपात आणि आईच्या पाटल्या

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

फोंडा तालुक्यातल्या एका 33 वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात त्या काम करतात. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा नऊ आठवड्यांच्या आत गर्भपात झाला. दोनदा बाळाचे ठोके दिसले आणि मग थांबले. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांची रजा टाकून त्या पुन्हा कामावर गेल्या. रिपोर्ट सगळे ‘नॉर्मल’. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून मोठ्या शहरातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये गेल्या. तिथे रक्ततपासणीत ‘एनके सेल’ (‘नॅचरल किलर’ नावाच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) 18 टक्के निघाल्या आणि “तुमच्याच पेशी बाळाला मारताहेत” असं सांगण्यात आलं. उपाय सुचवले ते असे: इंट्रालिपिडचं सलाईन, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचून घ्यायच्या. दहातल्या सहाजणींना यश येतं, असं क्लिनिकचं म्हणणं. खर्च दोन लाखांच्या घरात. त्यासाठी आईने दिलेल्या पाटल्या मोडाव्यात का, असा प्रश्न आहे. नवरा म्हणतो, “तू सांगशील तसं.” सासूबाई गप्प असतात, आजेसासू दर अमावास्येला दिश्ट काढतात. “माझ्या अंगातच काही वाईट आहे का?” असं विचारून पत्र संपतं. सोबत रिपोर्टांचे फोटो आहेत.

प्रिय मैत्रिणी,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पाटल्या मोडू नका. निदान या उपचारांसाठी तरी नको, आणि आत्ता तर नकोच. तुमच्या पेशींनी तुमची बाळं मारली असं म्हणायला त्या रिपोर्टात काहीही आधार नाही. तुमच्या अंगात वाईट काही नाही.

तो रिपोर्ट आपण आधी वाचू. लाल अक्षरात 18 टक्के, आणि शेजारी ‘सीडी16 पॉझिटिव्ह, सीडी56 पॉझिटिव्ह’ असं छापलेलं आहे. सीडी16 आणि सीडी56 या पेशी ओळखण्याच्या खुणा. हे रक्त तुमच्या दंडातून काढलेलं. त्यात ज्या एनके पेशी मोजल्या त्या रक्तात फिरणाऱ्या, विषाणूची लागण झालेल्या आणि कर्करोगाच्या पेशी टिपणाऱ्या. गर्भ जिथे रुजतो त्या गर्भाशयाच्या अस्तरात ज्या एनके पेशी असतात त्या निराळ्या जातीच्या. त्यांच्यावर सीडी56 ठळक असतं, सीडी16 जवळजवळ नसतंच, आणि मारण्याचं काम त्या फारसं करत नाहीत. रक्तातला आकडा पाहून अस्तरात काय चाललंय ते कळत नाही. शिवाय तो आकडा स्थिरही नसतो. जिने चढून आलात, सुई पाहून छाती धडधडली, तरी रक्तातल्या एनके पेशी वाढतात. साधारण 5 ते 15 टक्के हा पल्ला बहुतेक ठिकाणी देतात, पण त्यातही प्रयोगशाळेगणिक फरक असतो. तीन बाळं गमावलेली बाई परक्या शहरातल्या क्लिनिकमध्ये चौथं उत्तर ऐकायला बसली आहे, तिच्या रक्तात 18 आकडा यावा याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही.

मग अस्तरातल्या त्या पेशी तिथे करतात काय? पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के याच असतात. इतक्या संख्येने शरीर त्यांना तिथे मुद्दाम आणून ठेवतं. गर्भाची वार जिथे रुजते, तिथे आईच्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंती सैल करून त्यांना रुंद करण्यात या पेशींचा मोठा हात असतो. तुम्ही फोंड्याच्या, कुळागरातला पाट पाहिलेला असेल. अरुंद पाटातून पाणी जोरात सुटलं तर पोफळीच्या मुळाशी माती धुपते, आणि पाट रुंद केला की तेच पाणी संथ होऊन झाडांत पसरतं. रक्ताचंही तसंच आहे. ते वारेपाशी पुरेसं आणि संथ पोचावं यासाठी ही खटपट. ज्या उंदरांमध्ये एनके पेशी नसतातच, त्यांच्यात या रक्तवाहिन्या नीट रुंद होत नाहीत. माणसांतला पुरावाही त्याच दिशेचा आहे. केंब्रिजच्या अ‍ॅश्ली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं, की आईच्या एनके पेशींवरची काही ग्राहक-प्रथिनं आणि बाळाच्या पेशींवरची ‘एचएलए-सी’ ही खूण यांची एक ठरावीक जोडी जुळली, तर एनके पेशी प्रमाणाबाहेर दबून राहतात आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. म्हणजे तिथे त्यांचं दबणंच बाधतं. ज्या पेशी वारेची सोय करतात, त्यांनाच स्टेरॉइडने गप्प करायला निघताना दहादा विचार करावा लागतो तो यामुळे.

आता हेही स्पष्ट सांगते, की ‘गर्भपातात रोगप्रतिकारशक्तीचा हात’ ही कल्पना थोतांड नाही. बाळाची निम्मी गुणसूत्रं बापाची, म्हणजे आईच्या शरीराला परकी. तरी शरीर नऊ महिने ते बाळ सांभाळतं कसं, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये विचारला आणि त्यावर आजही काम चालू आहे. शरीराला ‘हे आपलंच समज’ असं शिकवणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं. उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या तर परक्या नराचे गर्भ टिकत नाहीत. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या अस्तरातही त्या कमी सापडल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण तो नमुना घेतात गर्भ गेल्यानंतर. तोवर आत दाह सुरू झालेला असतो. पेशी कमी झाल्या म्हणून गर्भ गेला, की गर्भ गेला म्हणून पेशी कमी झाल्या, हे अशा नमुन्यावरून ठरवता येत नाही. संशोधन इथपर्यंत आलं आहे. तुमचं क्लिनिक त्याच्या बरंच पुढे जाऊन बिल लावतंय.

त्यांनी सांगितलेल्या ‘दहातल्या सहाजणी’ या आकड्यावर माझं म्हणणं टेकलेलं आहे, म्हणून तिथे थोडी थांबते. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ‘प्रॉमिस’ नावाची चाचणी झाली. कारण न सापडलेले वारंवार गर्भपात झालेल्या 836 स्त्रिया त्यात होत्या. काहींना प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. 2015 मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांपैकी 65.8 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, आणि ज्यांना औषध नव्हतंच त्यांच्यापैकी 63.3 टक्के स्त्रियांना. म्हणजे काहीही खास न करता दहातल्या सहाजणींच्या मांडीवर बाळ आलं. तुमच्यासारखी परिस्थिती असलेल्या स्त्रियांना मी उद्यापासून नुसता लिंबू-सरबताचा उपचार सुरू केला, तरी मलाही दहातल्या सहाचं यश छापता येईल, आणि त्या सहाजणी जन्मभर मला दुवा देतील. क्लिनिक खोटं बोलत असेलच असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास असेल. पण कुठल्याही उपचाराबद्दल एकच प्रश्न विचारा: “हे न घेतलेल्या, माझ्याच वयाच्या, माझ्याइतकेच गर्भपात झालेल्या बायकांमध्ये किती जणींना मूल झालं?” त्याचं उत्तर नसेल तर पर्स उघडू नका.

सुचवलेले उपचार आता एकेक पाहू.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचणं: याला सरळ नाही म्हणा. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या उपचाराच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना पेशी टोचल्या त्यांच्यात यश 36 टक्के, ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं त्यांच्यात 48. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर हा उपचार करू नये असं कळवलं. दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशी अंगात घेतल्याने संसर्गाचा आणि रक्तगटाच्या प्रतिपिंडांचा धोका असतो तो वेगळाच.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं, अंड्यातल्या घटकाने एकजीव केलेलं, दुधासारखं पांढरं सलाईन. तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णांना पोषण म्हणून ते देतात आणि तिथे ते उत्तम काम करतं. वारंवार होणारे गर्भपात त्याने थांबतात, हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. सोया किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते धोक्याचंही ठरू शकतं.

स्टेरॉइडची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. 2013 मध्ये लिव्हरपूलला एक लहान चाचणी झाली, फक्त 40 स्त्रियांची, आणि त्यात निवड रक्तावरून नव्हे तर अस्तरातल्या एनके पेशी मोजून केलेली होती. स्टेरॉइड घेतलेल्या 20 पैकी 12 जणींना मूल झालं, न घेतलेल्या 20 पैकी 8 जणींना. ऐकायला आशादायक वाटतं, पण इतक्या कमी संख्येत एवढा फरक योगायोगानेही पडतो. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेने 2022 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्टेरॉइड देऊ नयेत असंच म्हटलं आहे. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, झोप उडते, आणि हे सगळं अशा काळात जेव्हा अंगात आधीच उलथापालथ चाललेली असते.

एक अपवाद आहे, तो लपवणार नाही. 2022 मध्ये जपानमधल्या चाचणीत, चार किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांना गर्भ राहिल्याबरोबर लगेच पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, मोठे डोस दिले. त्यांच्यात 58 टक्के, आणि न दिलेल्यांमध्ये सुमारे 35 टक्के स्त्रियांना मूल झालं. चाचणी शंभरेक स्त्रियांचीच आहे, औषध फार महाग आहे आणि ते दात्यांच्या रक्तापासून बनतं. तुमचे तीन गर्भपात झाले आहेत, त्यामुळे आज तो विषय तुमचा नाही. पण हे वाचणाऱ्या एखादीचे चार-पाच झाले असतील आणि गर्भाची गुणसूत्रं निर्दोष निघाली असतील, तर तिने याबद्दल तज्ज्ञाशी जरूर बोलावं.

कुणी तुम्हाला ‘आम्ही यावर संशोधन करतोय’ म्हणालं, तर सीटीआरआय म्हणजे भारताच्या चाचणी-नोंदणीचा क्रमांक मागा आणि नीतिसमितीचं संमतिपत्र वाचायला घरी आणा. खऱ्या संशोधनात प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

तुमच्या पत्रातल्या एका गृहीताशी मात्र मला भांडायचं आहे. “सगळे रिपोर्ट नॉर्मल” असं तुम्ही लिहिलंय. मी फाइल नीट पाहिली. त्यात ‘टॉर्च’ म्हणजे काही ठरावीक संसर्गांची तपासणी आहे, तीही एकदा नव्हे. रुबेला आणि सीएमव्ही या विषाणूंचं ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ आहे आणि त्यावर तुम्हाला गोळ्याही दिलेल्या दिसतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग कधीतरी होऊन गेला किंवा लस मिळाली, एवढंच. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढ बायकांचं ते पॉझिटिव्हच येतं. वारंवार गर्भपाताच्या तपासात या चाचणीला काही अर्थ नाही, तरी ती अजून लिहिली जाते याचं मला दुःख होतं. आणि ज्या तपासण्या हव्या होत्या त्यातल्या काही फाइलमध्ये नाहीतच.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हे रोगप्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या गर्भपाताचं एकमेव पक्कं, उपचार असलेलं कारण. त्यासाठी तीन तपासण्या लागतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-2-ग्लायकोप्रोटीन. तुमची फक्त मधली झाली आहे, तीही एकदाच. तिन्ही व्हायला हव्यात, आणि पॉझिटिव्ह आलेली तपासणी निदान 12 आठवड्यांनी पुन्हा करून पाहिली तरच ती खरी धरतात. आजार निघाला तर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांचा खरोखर उपयोग होतो. एनके सेलसाठी शहर गाठण्याआधी हे करा. उलट, हा आजार नसताना ‘असू दे, रक्त पातळ ठेवलेलं बरं’ म्हणून रोज पोटात हेपॅरिन टोचत राहणं व्यर्थ आहे. 2010 मधल्या ‘अलाइफ’ या डच चाचणीत कारण न सापडलेल्या स्त्रियांना त्याचा काहीच लाभ झाला नाही. तुमच्या तिसऱ्या वेळी ती इंजेक्शनं दिलेली दिसतात. ती घेऊनही गर्भ गेला म्हणजे तुमचा आजार भयंकर आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका.

थायरॉइडचा टीएसएच आहे, तो ठीक आहे. साखर ठीक. गर्भाशयाची 3डी सोनोग्राफी नाही. आत पडदा असेल तर साध्या सोनोग्राफीत तो निसटू शकतो. तुम्हा दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव: तीन वेळा क्युरेटिंग झालं आणि एकदाही गर्भाच्या पेशींची गुणसूत्रं तपासली गेली नाहीत. सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांतच गुणसूत्रांची चूक असते. शुक्राणू आणि अंडं एक होताना किंवा त्याआधीच ती झालेली असते, आईने काय खाल्लं, काय उचललं याच्याशी तिचा संबंध नसतो. गर्भपातांची संख्या वाढत जाते तशी हे कारण असण्याची शक्यता थोडी कमी होत जाते हे खरं, पण तिसऱ्या वेळीही ते पहिल्या नंबरचं संशयित असतं. ज्याचा तपासच झाला नाही त्याला ‘कारण सापडलं नाही’ म्हणणं मला पटत नाही.

हे का राहून जातं ते सांगते, कारण इथे तुम्ही स्वतः काही करू शकता. थिएटरमध्ये ट्रेवर एक छोटी डबी तयार असते, तिच्यात फॉर्मॅलिन भरलेलं असतं. क्युरेटिंग झालं की सिस्टर सवयीने ऊतक त्यात टाकते, कारण नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला तेच लागतं. पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि मग त्यांची वाढ करून गुणसूत्रं पाहता येत नाहीत. त्यासाठी निर्जंतुक डबीत नॉर्मल सलाईन हवं आणि नमुना वेळेत लॅबला जायला हवा. पुन्हा अशी वेळ येऊ नये हीच इच्छा, पण आली तर थिएटरला नेण्याआधी नवऱ्याने डॉक्टरांना हे एक वाक्य सांगायचं: “नमुना सलाईनमध्ये ठेवा, गुणसूत्रांची मायक्रोअ‍ॅरे तपासणी करायची आहे.” रिपोर्ट ‘निर्दोष, स्त्री’ असा आला तर नमुन्यात आईच्याच पेशी मिसळल्या नव्हत्या ना, हेही विचारून घ्यायचं. या तपासणीला पैसे लागतात, पण पाटल्या मोडण्याइतके नाही, आणि तिचं उत्तर पुढचा सगळा रस्ता ठरवतं.

या तपासण्यांसाठी परगावी जायची गरज नाही. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रसूती विभागाच्या ओपीडीत फाइल घेऊन जा. तिथे काय होतं आणि काय बाहेरून करावं लागेल, ते लिहून घ्या. फाइलमध्ये सगळ्यात वर एका कागदावर तिन्ही गर्भधारणांची तारीख, आठवडा, ठोके दिसले की नाही आणि काय औषधं दिली, एवढं लिहा. गर्दीच्या ओपीडीत हा एक कागद डॉक्टरांचं निम्मं काम करतो.

तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला मात्र तिथे अडायला झालं. कंपनीत कर्करोगाची औषधं किंवा हार्मोनची औषधं बनतात का? पॅकिंगमध्ये सुट्या गोळ्या किंवा भुकटी हाताळावी लागते का? कर्करोगाच्या औषधांच्या संपर्काचा गर्भपाताशी संबंध दिसलेला आहे. तुमच्या विभागात तसं काही नसेलही, पण सेफ्टी ऑफिसरला विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि उत्तर ‘हो’ असेल तर दिवस राहण्याआधीच विभाग बदलून मागा. सततच्या रात्रपाळीचाही थोडा संबंध दिसतो. जमलं तर त्या काळात टाळा.

आणि ती दोन-तीन दिवसांची रजा! मातृत्व लाभाच्या तरतुदींप्रमाणे (पूर्वी मातृत्व लाभ कायद्यात होत्या, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत) गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, डॉक्टरांच्या दाखल्यावर. ईएसआय लागू असेल तर तो लाभ तिथून मिळतो. गर्भपात झाल्याचं कळू नये म्हणून बायका ‘ताप आला’ असं लिहून चार दिवसांत कामावर हजर होतात. फोंडा, वेर्णा, डिचोली, कुठल्याही कारखान्यात विचारा, हीच गोष्ट आहे. ही रजा मागायला लाजू नका.

घराबद्दल. आजेसासूंच्या दिश्ट काढण्याने काही बिघडत नाही. त्यांच्या परीने त्या तुमची काळजीच करताहेत. सासूबाईंचं गप्प राहणं मला इतकं सरळ वाईट वाटत नाही. त्यांच्या पिढीत किती जणींचे असे गर्भ गेले आणि कुणी एक शब्द काढला नाही! एखाद्या दुपारी तुम्हीच विषय काढून बघा. पण पपई, अननस, भरलेली घागर, स्कूटरवरचे खड्डे यांतलं काहीही तुमच्या गर्भपातांचं कारण नव्हतं, हे घरात मोठ्याने बोललं जायला हवं, आणि ते तुमच्या नवऱ्याने बोलायला हवं.

त्यांचं “तू सांगशील तसं” हे प्रेमाने म्हटलेलं असेल, पण त्याने सगळा भार तुमच्या डोक्यावर येतो. उपचार घेतला आणि फसला तरी निर्णय तुमचा, नाही घेतला तरी तुमचाच. त्यांना हे पत्र वाचायला द्या. बाळं दोघांची होती. ते तंबाखू किंवा सिगारेट घेत असतील तर सोडायचं काम त्यांचं, गुणसूत्रांसाठी रक्त द्यायचं त्यांनीही, आणि ओपीडीत फाइल हातात धरून डॉक्टरांना प्रश्न विचारायचे तेही त्यांनी.

“काहीच न करता नुसतं पुन्हा प्रयत्न करायचा?” असं तुमच्या मनात येईल. ते मला समजतं. तीनदा हात पोळल्यावर रिकाम्या हाताने पुन्हा तिथे जाणं फार कठीण असतं, आणि सलाईन लावून घेतलं की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण तुम्ही रिकाम्या हाताने जाणार नाही आहात. तपासण्या पुऱ्या करायच्या, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासून सुरू करायची, आणि दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, आणि मनाला हवी असेल तर त्यानंतर दर आठवड्याला. एकाच डॉक्टरांकडे, ज्यांना तुमची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागणार नाही. लवकर आणि वारंवार भेटणाऱ्या डॉक्टरांमुळे भीती कमी होते, हे मी ओपीडीत सतत पाहते.

आणि थोडा जरी रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी प्रोजेस्टेरॉनबद्दल विचारा. रक्तस्राव नसताना त्याचा उपयोग दिसला नाही, ते वर सांगितलंच. पण 2019 मध्ये ‘प्रिझम’ या चाचणीत, सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या आणि आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये, योनीमार्गे 400 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा दिल्यावर 72 टक्के स्त्रियांना मूल झालं, न दिलेल्यांमध्ये 57 टक्के. ब्रिटनमध्ये अशा स्त्रियांना ते 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात. तुमच्यासारख्यांसाठी पुरावा असलेलं औषध ते हेच, आणि ते स्वस्तही आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं, मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून नाही.

रक्त खूप जाऊ लागलं, पोटात एका बाजूला जोराची कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र कुणाच्या सल्ल्याची वाट न बघता 108 ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठा. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तेही पोचल्याबरोबर सांगा. फाइलमध्ये मला तो कुठे दिसला नाही, तेवढा आधी शोधून ठेवा. आणि अँटिफॉस्फोलिपिडचे तिन्ही रिपोर्ट आले की त्यांचे फोटो याच पत्त्यावर पाठवा, मी वाचून उत्तर देईन.